माझ्या सीटवर घाडगे

जयपूरला पोस्टिंग आली तेव्हा मी हवालदार होतो. बर्फातल्या सीमेवर काढलेल्या टेन्युअरनंतर पीस स्टेशन, म्हणजे सीमेपासून लांबची छावणी, आम्हाला माहेरपणच. सकाळी पीटी, मग परेड, मग स्टोअर, संध्याकाळी गेम्स. रात्री स्वतःच्या क्वार्टरमध्ये बायकोच्या हातची भाकरी. कुरकुर करायला जागाच नव्हती, तरी आम्ही करायचो.

मी जालन्याकडचा ख्रिस्ती, शमुवेल त्रिभुवन. कंपनीत माझ्या धर्माचा मी एकटाच. शेजारच्या क्वार्टरमध्ये हवालदार संजय घाडगे, सातारा जिल्ह्यातला. तो मला ‘पाद्री’ म्हणायचा. मेसमध्ये मी जेवणाआधी डोळे मिटले की माझ्या ताटातला पापड गायब व्हायचा, आणि तो गडी शांतपणे पाणी पीत बसलेला असायचा.

फौजेत एक रीत आहे, ती कुठल्या ऑर्डरमध्ये लिहिलेली नाही. ज्याचा सण त्याला मोकळीक, त्याची ड्युटी दुसरा करतो. गणपतीत आणि दिवाळीत घाडगेची गार्ड मी घ्यायचो. नाताळात माझी ड्युटी तो घ्यायचा. त्यासाठी कधी विचारावं लागलं नाही.

त्या वर्षी बगरूच्या पुढे कंपनीचं ट्रेनिंग झालं होतं. तिथले तंबू परत आणायला नाताळच्या सकाळी गाडी जाणार होती, आणि व्हेइकल कमांडर म्हणून माझं नाव लागलं. फौजेची गाडी एकट्या ड्रायव्हरवर गेटबाहेर पडत नाही. त्याच्या शेजारी एक एनसीओ, म्हणजे नाईक किंवा हवालदार, बसतो. गाडी आणि सामान त्याच्या जबाबदारीवर असतं, आणि वाटेत काहीही झालं तरी त्यानं गाडी सोडायची नसते.

आदल्या संध्याकाळी घाडगे दारात आला.

“पाद्री, उद्या मी जातोय. साहेबांना सांगितलंय.”

“धुकं आहे रे.”

“मग तू काय धुकं हटवणार होतास? केक ठेव माझ्यासाठी. मोठा तुकडा.”

सकाळी तो निघाला तेव्हा मी इस्त्री करत होतो. गाडीचा आवाज ऐकला, बाहेर आलो नाही.

पुढचं मला वायरलेस ऑपरेटरनं आणि ड्रायव्हरनं सांगितलं. अजमेर रोडवर समोरचं दहा पावलांवरचं दिसत नव्हतं. बगरूला कापडछपाईच्या कामावर जाणाऱ्या बायकांची एक बस रस्त्यात आडवी झाली होती. आत माणसं अडकली होती. घाडगेनं सेटवर कळवलं.

“कंट्रोल, पुढे बस उलटलीय. मागून गाड्या येतायत. ओव्हर.”

“गाडी बाजूला घ्या. पोलिसांना कळवतो. गाडी सोडू नका. ओव्हर.”

“गाडी घेतली बाजूला. मी रस्त्यावर जातोय. आउट.”

ड्रायव्हरला त्यानं बायकांना बाहेर काढायला लावलं. स्वतः गाडीतला लाल झेंडा घेऊन मागे पळत गेला आणि येणाऱ्या गाड्यांसमोर उभा राहिला. दोन ट्रक थांबले. तिसरा ट्रेलर होता. तो थांबू शकला नाही, पण लाल झेंडा पाहून त्याच्या ड्रायव्हरनं स्टिअरिंग कापलं आणि बसला न धडकता ट्रेलर रस्त्याच्या खाली उतरला. घाडगे त्याच्या वाटेत आला. बसमधल्या सगळ्या बायका वाचल्या.

मी तेव्हा चर्चमध्ये गाणं म्हणत होतो. उपासना संपल्यावर फोन चालू केला. लगेच वाजला, सुभेदार साहेब होते.

“त्रिभुवन, हॉस्पिटलला ये. घाडगे गेला.”

सांगायला लाज वाटते, पण पहिला विचार घाडगेचा आला नाही. त्या सीटवर मी असतो, हा आला.

त्याला गावी पोहोचवून आम्ही परतलो. मुलीची बोर्डाची परीक्षा होती म्हणून त्याची बायको सुनीता काही महिने जयपूरलाच राहिली. इकडे माझ्या माणसांचे फोन सुरू झाले. सासूबाई म्हणाल्या, “देवाची योजना आहे, जावईबापू. त्यानं तुम्हाला राखून ठेवलंय.” चर्चमध्ये पादरी साहब म्हणाले, “त्रिभुवन जी, प्रभु ने आपको बचाया है। गवाही दीजिए।” गवाही म्हणजे आमची साक्ष. देवानं आपल्यासाठी काय केलं ते मंडळीपुढे उभं राहून सांगायचं. मी लहानपणापासून साक्षी ऐकत आलोय. कुणाचा ताप उतरला, कुणाला नोकरी लागली. मला ते ऐकून बरं वाटायचं.

म्हणून एका रविवारी मीही उभा राहिलो. म्हणालो, त्या सीटवर माझं नाव होतं, पण प्रभूनं मला बाजूला काढलं. लोक हालेलुया म्हणाले. तेवढ्यात माझं लक्ष शेवटच्या बाकाकडे गेलं. माझी बायको सुवार्ता तिथे बसली होती आणि तिच्या शेजारी डोक्यावर पदर घेतलेली सुनीता. बिचारीला चार माणसांत बरं वाटेल म्हणून सुवार्तानं तिला आणलं होतं. मी काय बोलणार आहे, हे मी बायकोला सांगितलं नव्हतं.

साक्ष अर्धीच राहिली. मी तसाच खाली बसलो.

संध्याकाळी मी सुनीताच्या दाराशी गेलो. तिनं चहा ठेवला. मी कप न उचलताच बोललो.

“वहिनी, माझं चुकलं.”

“ते ऱ्हाऊ द्या. एक इचारू, भाऊजी? तिथं तुम्ही असता, तर उतरला असता का गाडीतनं?”

हो म्हणणं सोपं होतं. पण मी स्वतःला ओळखतो. कंट्रोलनं गाडी सोडू नका म्हटलं की मी सोडत नाही. मी काच वर करून पोलिसांची वाट पाहिली असती, आणि त्याला शिस्त म्हटलं असतं.

“नाही,” मी म्हणालो.

तिनं माझा गार झालेला चहा बाजूला सरकवला. मग म्हणाली, “तुमच्या देवानं त्यास्नी तिथं बशिवलं आसंल, नसंल. मला त्यातलं कळत नाही. पर उतरले ते सोताच्या मनानं. तेवढं त्यांचं त्यांच्याकडं ऱ्हाऊ द्या.”

त्यानंतर मी साक्ष दिली नाही. देव माणसांच्या कारभारात हात घालतो, हे मी आजही मानतो. त्या बायका वाचाव्यात असं त्याच्या मनात असेल, तर त्याला त्या सीटवर खाली उतरणारा माणूस हवा होता. मी तो नव्हतो. मी राखून ठेवलेला नव्हतो, मी कामाचाच नव्हतो. हे मनाला खातं, आणि खावं असंच मला वाटतं.

पेन्शन घेऊन मी जयपूरलाच राहिलो. आमच्या चर्चमध्ये नाताळच्या उपासनेत देवाघरी गेलेल्यांची नावं घेतात. पहिल्यांदा मी घाडगेचं नाव दिलं तेव्हा पादरी साहब अडखळले.

“लेकिन त्रिभुवन जी, ये भाई तो विश्वासी नहीं थे।”

“साहब, उस दिन प्रभु का काम इन्होंने किया,” मी म्हणालो. “मैं यहाँ गाना गा रहा था।”

त्यांनी चष्मा पुसला आणि नाव वाचलं. हवालदार संजय घाडगे. मंडळी उभी होती. मी सावधानमध्ये उभा राहिलो.