दप्तर आणि बाईंच्या चपला

काल शाहूपुरीतल्या एका दुकानात विक्रेत्यानं चामड्याची बॅग गिऱ्हाइकाच्या नाकाशी धरली. “वास घ्या, एकदम अस्सल!” मला हसू आलं, पण ते काही चांगलं हसू नव्हतं.

मी दुसरीत असताना आईनं मला चामड्याचं दप्तर शिवलं होतं. आमच्या घरात चपलांचं काम. दप्तराचा पट्टा कसा करतात हे आईला माहीत नव्हतं, म्हणून तिनं चपलेवर घालतात तशी वेणीच घातली. आरीनं भोक पाडायची, चामड्याची वादी ओवायची आणि दातात धरून ओढायची. “बैल लावून वडलंस तरी उसवायचं न्हाय बघ,” म्हणाली.

वर्गात बाईंनी नाकाला पदर लावला. “ए, ती घाण बाहेर ठेव आधी!” कुत्रं नेईल या भीतीनं मी दिवसभर दाराकडेच बघत बसले.

दुसऱ्या दिवशी आई वर्गात आली आणि वाकून टेबलाखाली बघायला लागली.

“बाई, दप्तराचा वास येतोय व्हय तुमास्नी? मग पायात काय घातलंयसा? वेणी तर माझ्याच हातची दिसतीया की!”

बाईंनी पाय खुर्चीखाली ओढून घेतले. दप्तर आत आलं.

तेव्हा मला बाईंची भीती वाटायची. आता कीव येते, असं लिहिलं तर बरं दिसेल कदाचित. पण खरं सांगू? कीवही येत नाही. नाक तेवढं नाजूक, आणि पाय मात्र दिवसभर त्याच वासात.