डावीकडे सरकवलेली रेघ

“अजून वाढवा,” विमलकाकू म्हणाल्या.

मी कॉम्प्युटरवर त्यांच्या कानातल्या मशीनचा आवाज आणखी वाढवला. तेवढ्यात बाहेर कुणीतरी स्टीलचा ग्लास पाडला. काकूंनी दोन्ही कान दाबून धरले.

“अगं बाई! बास, बास. कमी करा.”

शेजारच्या खुर्चीत त्यांचे यजमान, दत्ताकाका, होते. ते काहीतरी पुटपुटले. काकूंनी त्यांच्याकडे वळून पाहिलं नाही. ते बोलले हे त्यांना कळलंच नव्हतं.

मी ऑडिओलॉजिस्ट आहे, म्हणजे कान तपासून मशीन बसवणारी. धाराशिवला एका क्लिनिकमध्ये नोकरी करते. माझा स्वतःचा आवाज बारीक आहे. “मॅडम, जरा जोरात बोला की,” असं पेशंट रोज सांगतात. त्यांच्या सोबत आलेले, चांगलं ऐकू येणारे लोकही तेच सांगतात.

काकू तुळजापूरच्या, रिटायर्ड शिक्षिका. काकांच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. उरली नुसती कुजबुज. त्याच सुमारास काकूंचे कान मंदावले. काका काही दिवस पाटीवर लिहून बोलायचे. काकू वाचायच्या आणि म्हणायच्या, “अक्षर बघा तुमचं.” शेवटी काकांनी पाटी फडताळात ठेवून दिली. काकूंनी हे हसत सांगायला सुरुवात केली होती. शेवटापर्यंत हसू राहिलं नाही.

“मला टीव्ही नको, काही नको,” त्या म्हणाल्या. “ह्यांचं बोलणं तेवढं ऐकू येऊ द्या.”

मी सरांकडे गेले. क्लिनिक त्यांचं आहे.

“व्हॉल्यूम वाढव,” सर म्हणाले.

“वाढवला, सर. भांडं पडलं तरी दुखतं त्यांना.”

“मग कमी कर. अगं, कुजबुज धडधाकट माणसालाही ऐकू येत नाही. समजावून सांग त्यांना आणि पुढचा पेशंट घे.”

समजावणं मला जमत नाही. त्याला फार बोलावं लागतं. मी जागेवर येऊन कागदावर ग्राफ काढला.

आडव्या रेषेवर बाहेरचा आवाज, उभ्या रेषेवर कानात पोचणारा आवाज. मशीनची रेघ साधारण गणितातल्या लॉगच्या ग्राफसारखी असते. आधी झपकन चढते, मग आडवी होत जाते. बारीक आवाज भरपूर वाढवायचे, मोठे थोडेच. व्हॉल्यूम वाढवला की अख्खी रेघ वर सरकते. कुजबुज जेवढी वर जाते, तेवढाच पडलेला ग्लासही. पण तीच रेघ डावीकडे सरकवली तर? चढ अलीकडेच सुरू होतो. बारीक आवाज एकदम उंच जातात. मोठ्या आवाजांना फारसा फरक पडत नाही, कारण तिथे रेघ जवळजवळ आडवीच असते.

हे मी अकरावीत शिकले होते. लॉगमध्ये एक्सच्या जागी एक्स अधिक तीन लिहिलं की ग्राफ डावीकडे जातो. अधिक लिहून डावीकडे का, हे मला विचारायचं होतं. हात वर केला नाही. आता मशीनसमोर बसून ते कळलं. प्रत्येक आवाजाला थोडी भर आयती मिळते, म्हणून रेघेला तेवढं अलीकडून चढता येतं.

कंपनीच्या सेटिंगमध्ये फार बारीक आवाज कचरा समजून दाबलेले असतात. मी ते दाबणं काढून टाकलं. चढ सुरू होण्याची जागा काकांच्या कुजबुजीपर्यंत अलीकडे आणली. मशीन सुरू केलं.

काकू दचकल्या. “हे काय घुरघुरतंय?”

“पंखा आहे, काकू. आता हे सगळंच ऐकू येणार. त्रास होईल.”

“इतका आवाज असतो व्हय पंख्याला?”

सर दारातून डोकावले. “झालं का? काका, बोला बघू काहीतरी. एक ते दहा म्हणा.”

काकांनी आकडे म्हटले नाहीत. थोडे पुढे वाकले आणि काहीतरी बोलले.

काकूंचा चेहरा लाल झाला. “काहीतरीच तुमचं! पोरगी बसलीय समोर.” मग पदर सारखा केला आणि हळूच म्हणाल्या, “परत म्हणा.”

काकांनी परत म्हटलं.

“काय म्हणाले?” सरांनी विचारलं.

“तुम्हाला काय करायचंय?” काकू म्हणाल्या.

मला ऐकू आलं नव्हतं. माझे कान नॉर्मल आहेत आणि काका हातभर अंतरावर होते.

उन्हाळ्यात काकू तपासणीला आल्या तेव्हा पंख्याची तक्रार होतीच. रेघ थोडी उजवीकडे नेऊ का, असं मी विचारलं.

“नको, नको. आम्ही बोलायला बसलो की पंखाच बंद करतो.”

“या उन्हात?”

“मग काय? घाम पुसायचा आणि बोलायचं.”

तेव्हापासून पेशंट “आवाज वाढवा” म्हणाला की मी आधी विचारते, कुणाचा. बारीक आवाज हवा असेल तर रेघ डावीकडे न्यावी लागते आणि पंख्याचं काहीतरी करावं लागतं.

संध्याकाळी खोलीवर एकटीच असते तेव्हा मीही कधी कधी पंखा बंद करून कान देऊन बसते. अजून तरी शेजारचा मिक्सरच ऐकू येतो.