कुसुमला न दिलेली चीज

बाविसाव्या वर्षी मी फार हुशार होते. ग्वाल्हेरच्या आमच्या गाण्याच्या बाईंनी मला देशकार रागातली एक चीज (बंदिश) शिकवली, तेव्हा माझी धाकटी गुरुभगिनी कुसुम टायफॉइडने अंथरुणावर होती. बाई काही लिहून घेऊ देत नसत. म्हणाल्या, "कुसुम उठली की तू तिला दे." मी दिली नाही. एक तरी गोष्ट माझ्या एकटीची असू दे, म्हणून ती तशीच गळ्यात घेऊन लग्न करून टोरांटोला गेले. तिथे डबे, बाळुती आणि बर्फ यांत ती कधी विसरले, कळलंही नाही. मोठी महाराणी मी!

गेल्या महिन्यात पुन्हा ग्वाल्हेरला उतरले. परदेशी पाहुण्यांसाठी ख्यालगायकीचा दहा दिवसांचा अभ्यासक्रम, शिकवणार कुसुम. बाई शेवटपर्यंत तिच्याजवळ होत्या, म्हणजे चीज तिला मिळाली असणारच. गुपचूप ऐकायची नि परत न्यायची, एवढाच माझा अभ्यास.

स्टेशनजवळच्या पडाव चौकात टेम्पो-रिक्षावाल्याने विचारलं, "माताजी, कहाँ से?"

"यहीं की हूँ."

"यहाँ की होतीं तो इतना बड़ा बैग लेके टेम्पो में चढ़तीं?"

बाजारात महाराज बाड्याजवळ बेडई (डाळ भरलेली पुरी) खाल्ली. पूर्वी आठ रिचवायची. आता दोनच खाल्ल्या आणि पहिल्या दिवसाचा अर्धा वर्ग संडासात काढला. कंपू मोहल्ल्यातल्या कुसुमच्या वर्गात जर्मन मुलीसुद्धा मांडी घालून बसलेल्या. मला खुर्ची.

"गुडघे पण विदेशी झाले का गं ताई?" कुसुम म्हणाली.

नवव्या दिवशी सगळे गेल्यावर मी धीर केला. "कुसुम, ती देशकारातली चीज एकदा म्हण ना."

तिने तानपुरा आडवा ठेवला. "मला कुठे येते? बाईंना मागितली, तर म्हणायच्या, एकदा सोपवलं ते सोपवलं. ताई आणून देईल. तू म्हण ना, मी बसलेय."

मी तोंड उघडलं. अर्धी ओळ आली. पुढे नुसता श्वास.

कुसुमने तानपुऱ्याला गवसणी घातली.

अभ्यासक्रमाचं प्रमाणपत्र नातीने इथे टोरांटोत फ्रिजवर चिकटवलंय. दूध काढायला गेले की स्टेशनवर निरोप देताना कुसुम बोलली ते आठवतं:

"हा विदेशी लोकांचा कोर्स मी कशाला चालू केला, ताई? तुला यायला काही निमित्त पाहिजे म्हणून. दर साली फॉर्म आले की आधी तुझं नाव शोधायची. यंदा आलीस, तर रिकामीच आलीस."