पार्सलचे स्टीलचे डबे

महाडला एसटी स्टँडजवळ आमची खानावळ आहे. दर पावसाळ्यात दारातलं गटार तुंबायचं आणि उपसायला गेलं की आमचेच पार्सलचे प्लॅस्टिकचे डबे हाताला लागायचे. मला त्याचा वीट आला. एका उन्हाळ्यात मी प्लॅस्टिक बंद केलं आणि पार्सल स्टीलच्या डब्यांत द्यायला लागलो. भिंतीवर पाटी लावली, की डबा धुऊन दुसऱ्या दिवशी आणून द्यावा.

डबे आलेच नाहीत. फुकटचं स्टील कुणाला नको असतं, असं मी बायकोला चिडून म्हणालो.

मग शिवथरची एक बाई बाजाराला आली आणि तिने डबा गल्ल्यावर ठेवला. आत आमसुलं होती. इतके दिवस का लावले म्हणून विचारलं, तर म्हणाली, "रिकामा डबा कसा देऊ? आमसुलं सुकली नव्हती."

त्यानंतर डबे येत गेले, ज्याच्या त्याच्या सवडीने. तुडीलच्या डब्यातून वाल आले, पोलादपूरकडच्या एका वाडीवरून नाचणीचं पीठ. मला डबे मात्र आणखी घ्यावे लागले.

परवा मुंबईहून गावी आलेल्या एका गृहस्थांनी पार्सल नेलं आणि दुसऱ्याच दिवशी डबा लख्ख धुऊन आणून दिला. पाटीप्रमाणे वागलेला हा पहिलाच माणूस. मी त्यांचे आभार मानले. ते गेल्यावर झाकण उघडून पाहिलं. बायको हात पुसत आली, आत डोकावली आणि म्हणाली, "रिकामाच?"