कोळीवाड्यातली इटालियन फटफटी

नोकरीतल्या पुष्कळ गोष्टी आता पुसट झाल्या, पण इटालियन फटफटीची ती घटना मला आजही जशीच्या तशी आठवते. साठ साल उलटून थोडी वर्षं झाली होती. जिल्ह्याचं नाव तेव्हा कुलाबा होतं आणि दिघीच्या खाडीकडच्या एका ठाण्यात मी फौजदार होतो.

एका सकाळी हजेरी चालू असताना खबऱ्या आला. पलीकडच्या कोळीवाड्यात एक अजब फटफटी फिरते, आवाज असा की कोंबड्या माडावर चढतील, असं म्हणाला. हवालदाराला घेऊन गेलो. गाडी खरंच अजब होती. इंजिन पुढे आडवं झोपलेलं, हँडल इतकं खाली की चालवणाऱ्याने टाकीवर पोट टेकावं. शर्यतीची परदेशी गाडी, पण टाकी हाताने पत्रा ठोकून केलेली, तिला होडीचा निळा रंग आणि पिवळा पट्टा. सीटवर शिडाचं कापड शिवलेलं. हे सगळं करणारा तिथलाच पोरगा, मच्छीमार लाँचवरचा इंजिनवाला.

इंजिनाचा नंबर ठाण्यातल्या जुन्या फिर्यादीशी जुळला. मुंबईच्या एका श्रीमंत गृहस्थाने खाडीकाठच्या आपल्या बंगल्यातून ही गाडी चोरीला गेल्याची फिर्याद दोनेक वर्षांपूर्वी दिली होती. ओळख पटवायला त्यांना बोलावलं. त्यांनी गाडीकडे ओझरतं पाहिलं, इंजिनवाल्याकडे बोट दाखवलं आणि हाच बंगल्याभोवती घुटमळायचा, असं सांगून मोकळे झाले. मला ते खटकलं. हरवलेली लाडकी वस्तू सापडली की माणूस आधी तिला हात लावतो.

इंजिनवाल्याला अटक केली. चौकशीत तो एवढंच म्हणायचा, "मी चोरली न्हाय, सायब." मग आणली कुठून, असं विचारलं की तोंडाला कुलूप. दमात घेऊन पाहिलं, चहा पाजून पाहिलं, उपयोग शून्य. वरून दोषारोपपत्र लवकर पाठवा म्हणून तगादा चालू होता. मुद्देमाल, नंबर, फिर्यादी सगळं जुळत होतं. पोरगा तुरुंगात गेलाच असता. पण इंजिनावरचा नंबर खोडायचंही ज्याला सुचलं नाही, तो चोर काही माझ्या पचनी पडेना. कोठडीची मुदत संपेपर्यंत हे प्रकरण सोडायचं नाही, असं मी ठरवलं.

गाडीचा पंचनामा पुन्हा करायला घेतला. पंचांसमोर सीट काढायला लावली आणि सांगाड्याच्या पोकळ नळीत तार घालून खरवडलं. आतून वाळलेला गाळ पडला आणि त्याबरोबर कालवांच्या बारीक शिंपल्या. बाहेरून पोराने सगळं घासून लख्ख केलं होतं, नळीच्या आत त्याचा हात पोचला नव्हता. म्हणजे गाडी काही महिने तरी खाऱ्या पाण्यात पडून होती. शिंपल्या दाखवल्यावर तो हे कोळीवाड्यात नेऊ नका म्हणून हात जोडू लागला.

मी त्या घेऊन थेट कोळीवाड्याच्या पाटलाकडे गेलो. म्हाताऱ्याने शिंपल्या हातावर घोळवल्या आणि मला तिथली रीत समजावली. खाडीच्या तोंडाशी खुंट रोवून त्यांना जाळी बांधतात आणि कोणाचा खुंट कुठे हे पिढ्यानपिढ्या ठरलेलं असतं. दुसऱ्याच्या जागेत जाळं लावणं ही तिथे चोरीपेक्षा मोठी बदनामी. तसं करणाऱ्याला जमात मासेमारीच बंद करायला लावते. गाडी स्वतःच्या जागेत गावली असती तर लपवायचं कारणच नव्हतं, असं पाटील म्हणाला. तिथे जमलेल्या सगळ्यांना मी रोखठोक सांगितलं, कोणी बोललं नाही तर हा पोरगा चोर म्हणून जाईल.

दुसऱ्या दिवशी पोराचा थोरला भाऊ ठाण्यात आला. तो त्यांच्या बोटीचा तांडेल, म्हणजे बोटीवरचा मुख्य. खांद्यावर मसाला वाटायचा दगडी पाटा होता, तो त्याने माझ्यासमोर ठेवला.

"जालं दुसऱ्याच्या जागंत लावलं ते मी," तो म्हणाला. "त्यात फटफटी गावली. तिला ह्यो पाटा बांधलेला व्हता, मंग आमी घरात वापराया घेतला."

चोरानेच पकडलं जाण्याच्या भीतीने गाडी बुडवली नसेल कशावरून, असं मी विचारलं. तांडेल हसला.

"लोखंडाला दगड कोन बांधतो, सायब? ज्याला दर्या ठाव न्हाय तो."

पाटा घेऊन मी फिर्यादीच्या बंगल्यावर गेलो. तिथल्या राखणदाराच्या बायकोने तुटलेल्या कोपऱ्यावरून पाटा तात्काळ ओळखला. तो हरवला म्हणून मालकिणीची बोलणी तिनेच खाल्ली होती. मग मात्र फिर्यादीने सगळं कबूल केलं. गाडी जकात चुकवून आणलेली, चौकशी लागल्यावर घाबरून त्याने ती पाटा बांधून खाडीत ढकलली आणि चोरीची फिर्याद दिली. एक खोटं टिकवायला तो दुसऱ्याच्या पोराला तुरुंगात घालायला निघाला होता. माझा संताप इतका झाला की मी उठून व्हरांड्यात जाऊन उभा राहिलो. खोट्या फिर्यादीचा गुन्हा त्याच्यावर लावला आणि तो शाबीतही झाला. गाडी जकातवाल्यांनी नेली.

इंजिनवाल्याला सोडलं तेव्हा तो आभार मानील असं मला वाटलं होतं. तो भावावरच उखडला.

"दादूस, कशाला बोललास? मी बसलो असतो आत."

"तू आत, न मी जालं वढू?" तांडेल म्हणाला आणि चालू लागला.

माणूस गप्प बसतो तो स्वतःला वाचवायलाच, असं तोवर मी धरून चालत असे. त्यानंतर कुणी आरोपी गप्प बसला की आवाज चढवण्याआधी त्याच्या घरी कोण कोण आहे, हे मी विचारून घेऊ लागलो. जमातीने तांडेलाची मासेमारी त्या हंगामापुरती बंद ठेवली. दोघे भाऊ परगावच्या बोटीवर खलाशी म्हणून राबले, पण दोघांना एकत्र घेणारा मालक मिळेपर्यंत त्यांनी कोणाची बोट धरली नाही.