मोठी मोळी
गरम प्लास्टिकचा वास आला की साताऱ्यातल्या आमच्या ध्वनिसंग्रहाची खोली आठवते. फलटणकडचे एक ऊसवाले म्हातारे फौजेत गेलेल्या, परत न आलेल्या मुलाची मुलाखत ऐकायला आले होते. डिस्क जळाली होती, बॅकअपची टेप तेवढी उरली होती; पण ती लिहिताना ब्लॉक, म्हणजे यंत्रानं एका दमात वाचायचा तुकडा, फार मोठा ठेवलेला, आमच्या नव्या यंत्राला तो वाचताच येईना. "म्हंजी कसं?" त्यांनी विचारलं. "मोळी लय मोठी बांधलीय, यंत्राला उचलत न्हाई," मी म्हणालो. "मग सोडून बारकी करा की." "सोडायला आधी उचलावी लागते, आबा." ते उठले, "मी हात लावतो की," म्हणाले आणि खरंच यंत्राखाली हात घालून उभे राहिले. टेप अजून माझ्या कपाटात आहे. हात लावणारे गेले.