शनिवारचा मोर्चा

माझ्या मावशीला कामावरून काढलं ते गेल्या वर्षी, दसऱ्याच्या आधीच्या सोमवारी, पहिल्या पाळीत, जेवणाची सुट्टी संपल्यावर लगेच. गुन्हा काय, तर ती बसली.

नाशकात, अंबडच्या एका कारखान्यात विजेचे स्विच तपासून खोक्यात भरायचं तिचं काम. कंत्राटी. वर्षानुवर्षं त्याच सरकत्या पट्ट्यावर, त्याच जागी. पट्ट्याच्या पलीकडे कायम कामगार, अलीकडे कंत्राटी बाया. काम दोघांचं एकच. पलीकडे पाठ टेकायची सोय असलेली फिरती स्टुलं, अलीकडे उभं राहायचं. का, असं कुणी विचारलंच तर सुपरवायझर म्हणायचा, "स्टूल करारात आहे." करार म्हणजे युनियन आणि कंपनी यांच्यात दर काही वर्षांनी होतो तो. त्यात कायमवाल्यांचा पगार येतो, बोनस येतो, गणवेश येतो, अंगाचा साबणसुद्धा येतो. कंत्राटी बाया त्यात येत नाहीत.

मावशीच्या पायांच्या शिरा फुगून निळ्या झाल्या होत्या. डॉक्टर म्हणाला, उभं राहू नका. जणू ती हौसेनं उभी राहत होती! त्या सोमवारी तिनं एक रिकामा क्रेट उपडा घातला आणि त्यावर बसून काम केलं. काम थांबवलं नव्हतं, हे मी मुद्दाम लिहितेय, कारण नंतर "काम सोडून बसली होती" असं पसरवण्यात आलं. सुपरवायझरनं मोबाइलवर फोटो काढला. ठेकेदाराचा माणूस आला आणि म्हणाला, "मावशी, उद्यापासून येऊ नका." नोटीस नाही, पत्र नाही. दुसऱ्या दिवशी गेटवर तिचं कार्ड चालेना. काढल्याचा कागद नाही, म्हणजे कागदोपत्री तिला कुणी काढलेलंच नाही.

संध्याकाळी ती सिडकोत आमच्या घरी आली. माझे पप्पा त्याच कारखान्यात कायम आहेत, आणि युनियनच्या कमिटीवरही आहेत. मावशीला तिथं लावलं तेही त्यांनीच, ठेकेदाराकडे शब्द टाकून.

"दाजी, बसले म्हणून काढलं वो," मावशी म्हणाली. ती घोटीकडची. इतकी वर्षं नाशकात काढली तरी तिची बोली गेलेली नाही. "आन बाया काय म्हणत्यात, खुर्ची पायजे तर इलेक्शनला उभी ऱ्हाय. म्हनलं, तिथं बी आधी उभंच ऱ्हावं लागतंय ना गं."

ती स्वतःच हसली. आई हसली. पप्पा हसले नाहीत. त्यांनी डबा धुवायला ठेवला आणि म्हणाले, "बोलतो मी."

"कुणाशी?" मी विचारलं.

"झाली का सुरू पुढारीणबाई! बोलतो म्हटलं ना."

पुढारीणबाई म्हणजे मी. मी कंत्राटी कामगारांच्या एका लहानशा संघटनेत काम करते. पत्रकं लिहिते, छापून आणते, गेटवर उभी राहून वाटते. लोक घेतात आणि त्यावर वडापाव खातात. त्याबद्दल माझी तक्रार नाही, निदान हातात तरी राहतं.

पप्पा बोलले. कंपनीचा पर्सनलवाला म्हणाला, बाई आमची नाही, ठेकेदाराला विचारा. ठेकेदार म्हणाला, कंपनीला नको आहे तर मी काय करू. दोघांच्या केबिन एकाच व्हरांड्यात, समोरासमोर. पप्पा दोन दिवस त्या व्हरांड्यात इकडून तिकडे फिरले.

त्याच दिवसांत गोल्फ क्लब मैदानापाशी आमचं धरणं चालू होतं. अंगणवाडीच्या सेविका, घरकाम करणाऱ्या बाया, सफाई कामगार, डिलिव्हरीची पोरं. मागण्या बऱ्याच होत्या, पण मुळाशी प्रश्न एकच: एकाच शहरात काही जणांच्या गाडीला स्वतंत्र खोली आणि काही जणांच्या अख्ख्या संसाराला एक, हे कुणी ठरवलं? मंडपात मावशीपण येऊन बसायची. म्हणायची, "इथं बसायला तरी कोण नाय म्हनत नाय." धरण्याची बातमी कुठे येत नव्हती. मंडपाकडे पोलीससुद्धा बघेनासे झाले, तेव्हा आम्ही ठरवलं की मोठ्या युनियनना साद घालायची. गेटच्या आत ज्यांना विचारतात, ते रस्त्यावर आले तर बाहेरच्यांचं कुणीतरी ऐकेल.

पप्पांच्या युनियनच्या मीटिंगला मी गेले. सातपूरचा हॉल, भिंतीवर जुन्या लढ्यांचे फोटो, आणि फोटोंत मुठी वळलेली माणसं. मी मावशीचं सांगितलं. क्रेटचं सांगितलं. लोक ऐकत होते, आणि खोटं कशाला बोलू, त्यांना वाईट वाटत होतं. अध्यक्ष उठले आणि म्हणाले, "आपला पूर्ण पाठिंबा. नुसता पत्रकातला नाही, रस्त्यावरचा. मोर्चा काढू."

टाळ्या पडल्या. मला रडू आलं.

मग तारीख निघाली. "शनिवारी," अध्यक्ष म्हणाले.

आमच्या एमआयडीसीची साप्ताहिक सुट्टी शनिवारी असते. रविवारी कारखाने चालू. बाहेरगावच्यांना हे विचित्र वाटतं, आम्हाला नाही. शनिवारी अंबडचे रस्ते ओस असतात आणि सिडकोच्या भाजीबाजारात पाय ठेवायला जागा नसते.

मी म्हटलं, "शनिवारी कलेक्टर ऑफिस बंद असतं."

"असू दे," कुणीतरी मागून म्हणालं. "ऑफिस बंद असतं, रस्ता चालू असतो." हॉल हसला.

"बुधवारी करा ना. एक पाळी सोडा. अर्धी पाळी. एक तास पट्टा थांबवा. मावशीला दुसऱ्या दिवशी आत घेतील."

पप्पा माझ्याकडे बघत नव्हते. अध्यक्ष समजावणीच्या सुरात म्हणाले, "बाळा, करार तोंडावर आहे. आत्ता काम थांबवलं तर कंपनी टेबलावरून उठेल. माझ्यामागे एवढी घरं आहेत. तुझं घरपण त्यातच आहे."

ते खोटं नव्हतं. माझं शिक्षण त्याच करारांवर झालंय. पण मावशीचं घर त्या "एवढी घरं"मध्ये का धरलं नाही, हेही मला कुणी सांगितलेलं नाही.

शनिवारी मोर्चा निघाला. असा मोर्चा मी तरी पाहिला नव्हता. सातपूरहून, अंबडहून टेम्पो भरभरून माणसं आली. एकलहऱ्याहून वीज कामगार आले, बँकेतले आले, शिक्षक आले. त्र्यंबक नाक्याला पुढचं टोक पोचलं तरी मागचं मैदानातून निघायचं होतं. सगळ्यांत पुढे बॅनर धरून मावशी, तिच्या निळ्या कंत्राटी ॲप्रनमध्ये. तिच्या मागे पप्पा. माझे पप्पा, जे घरात टीव्हीचा आवाज वाढवायलासुद्धा आईला विचारतात, ते गळ्याच्या शिरा ताणून ओरडत होते, "कायम-कंत्राटी!" आणि सगळा रस्ता ओरडत होता, "एकच जात!" सीबीएस स्टँडपाशी बसमधले प्रवासी खिडक्यांतून हात हलवत होते. एका पोरानं वरून ओरडून विचारलं, "ओ, मॅच जिंकली का?" आमच्यातलाच एक जण म्हणाला, "अजून टॉस पण नाही झाला!"

कलेक्टर कचेरीचं गेट बंद होतं.

होणारच होतं. माहीत होतं. तरी एवढी माणसं त्या बंद गेटासमोर येऊन थांबली. आत एक रखवालदार, एक पट्टेवाला आणि सावलीत झोपलेली कुत्री. निवेदन द्यायला आम्ही पाच जण आत गेलो. पट्टेवाल्यानं कागद दोन्ही हातांनी घेतला, अदबीनं घेतला, आणि म्हणाला, "पोच पाहिजे असेल तर सोमवारी या. शिक्का कपाटात आहे. चावी साहेबांकडे."

बाहेर टेम्पोवर भाषणं झाली. जग बदलण्याची झाली, देश वाचवण्याची झाली. शेवटी मावशीला वर चढवलं आणि हातात माईक दिला. तिनं तो उलटा धरला होता, कुणीतरी सरळ करून दिला.

ती म्हणाली, "मला भाषन येत नाय. उद्या रविवार हाय. तुमी सकाळी आत जाल. मला संगं घिऊन जा."

एवढंच म्हणाली. एवढ्या टाळ्या दिवसभरात दुसऱ्या कुणालाही पडल्या नव्हत्या. शिट्ट्या पडल्या. पोरांनी तिच्यासोबत सेल्फी काढले. अध्यक्षांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मीही टाळ्या वाजवत होते, हात लाल होईस्तोवर.

मावशीला त्या टाळ्यांचा अर्थ "हो" असा लागला.

रविवारी सकाळी ती गेटवर आली. डबा घेऊन. ॲप्रन रात्रीच धुऊन वाळवला होता. मी पत्रकं घेऊन तिथं होते. तिला बघितलं आणि मी पुढे झाले.

"मावशी, तू कशाला आलीस?"

"कशाला म्हंजे? काल ठरलं ना सगळ्यांचं. तू टाळ्या नाय का वाजवल्या?"

कंपनीच्या बस लागल्या. कालचीच माणसं उतरली. कालचे बिल्ले अजून काहींच्या छातीवर होते. त्यांनी मावशीला बघितलं, आणि एकेक जण तिच्यापाशी थांबला. कुणी हात जोडले, कुणी "जय भीम मावशी" म्हणालं, कुणी म्हणालं, "काल कडक बोललात." आणि मग कार्ड लावून आत गेला. कंत्राटी बाया दुसऱ्या फाटकातून, ओढणी तोंडावर घेऊन, मावशीकडे न बघता आत शिरल्या. तिथं ठेकेदाराचा माणूस उभा होता.

पप्पा शेवटच्या बसनं आले. त्यांच्याबरोबर कमिटीतले चौघे होते. ते आत गेले नाहीत. फाटकापाशी मावशीच्या शेजारी उभे राहिले. मला वाटलं, आता. आता होईल. मी पत्रकांचा गठ्ठा खाली ठेवला.

"दाजी, चला ना," मावशी म्हणाली.

पप्पांनी रखवालदाराला म्हटलं, "हिला सोड रे. माझ्यासोबत आहे."

रखवालदारही कंत्राटीच. तो म्हणाला, "साहेब, हिला सोडलं तर उद्या हिच्या शेजारी मी उभा."

मग भोंगा झाला. चौघांतला एक जण आत गेला. मग दुसरा. पप्पांनी घाईनं खिशातून रुमाल काढला, तोंड पुसलं, परत ठेवला.

"करार होऊ दे," ते म्हणाले. मावशीकडे बघून म्हणाले की फाटकाकडे, मला सांगता येणार नाही. "करार झाला की पहिला विषय तुझा."

आणि ते आत गेले.

थोड्या वेळानं आतून पट्टा सुरू झाल्याचा आवाज आला. मावशी ऐकत राहिली. कुठलं मशीन कधी लागतं ते तिला आवाजावरून कळतं. म्हणाली, "माझ्या जागी सुरगाण्याकडची पोरगी घेतलीया म्हनं. नवीन हाय. तिला शिव्या घालू नगं तुझ्या त्या कागदात." मग ती डबा उघडून रस्त्याच्या कडेला बसली, कारण घरी जाऊन तो खायला तिला लाज वाटत होती.

सोमवारी मी एकटी जाऊन पोच आणली. शिक्का स्पष्ट उठला होता. त्या कागदाचं पुढे काय झालं, मला माहीत नाही. चार वेळा विचारून आले. "वर पाठवलाय," म्हणतात.

दिवाळीनंतर करार झाला. चांगला झाला. गेटवर पेढे वाटले, पप्पांनी घरी आणलेला पेढा मी खाल्ला नाही आणि आईनं मला त्याबद्दल बोलून घेतलं. मावशीचा विषय निघाला होता, पप्पा म्हणाले. निघाला आणि मागे पडला. यापुढच्या करारात बघू, असं ठरलं. तो व्हायच्या आत पप्पा रिटायर होतील.

मावशी आता इंदिरानगरला एका खानावळीत पोळ्या लाटते. उभ्यानं. ओटा उंच आहे. घरी येते, पप्पांशी नीट बोलते, त्यांना चहा करून देते. पप्पा कप घेतात आणि गॅलरीत जाऊन पितात. मी दोघांपैकी कुणावर ओरडू? वाईट माणूस सापडला असता तर पत्रक लिहायला सोपं गेलं असतं.

मोर्चाचा फोटो मात्र छान आला. युनियनच्या हॉलमध्ये फ्रेम करून लावलाय. मावशी मध्यभागी आहे.

तर तुम्ही, जे हे वाचताय. तुम्ही कायम असाल, कारखान्यात, बँकेत, शाळेत, कचेरीत, आणि तुमच्याच कामाला तुमच्याच शेजारी कुणी कंत्राटावर उभं असेल, तर आमच्या मंडपात येऊन आम्हाला पाठिंबा देऊ नका. हार घालू नका. सुट्टीच्या दिवशी आमच्याबरोबर चालू नका. तिला काढतील त्या दिवशी, तुमची पाळी चालू असताना, तुमच्या हातातलं काम खाली ठेवा. आणि ती परत आत येईपर्यंत उचलू नका.